मूळ स्थिती

(बदलापूर पूर्वेला, मिलिंदच्या फ्लॅटचा हॉल. शुक्रवार दुपार. खिडकीजवळच्या टेबलावर एक जुना घरगुती संगणक टीव्हीला जोडलेला. जेवणाच्या टेबलावर जुने संगणक जपणाऱ्या मंडळाच्या ताज्या वार्तापत्राचा गठ्ठा.)

मिलिंद: असं नाही, बाई. आधी डोळे मिटा, मग मी फडकं काढतो, मग उघडा. त्याशिवाय मजा नाही.

रिद्धी: माझे मिटलेलेच आहेत, काका. मी उघडू का?

मिलिंद: तुला नाही ग. बाईंना म्हणतोय.

संजीवनी: उघडले. काढ फडकं.

मिलिंद: हं. बोला आता. असा दिसत होता कधी तुमचा संगणक?

संजीवनी: पांढरा झालाय.

मिलिंद: पांढरा नाही हो, ओरिजिनल कलर आहे हा. कंपनीतून खोक्यात बसून आला तेव्हाचा. मूळ स्थिती. तुमच्याकडे अंबरनाथला होता तेव्हा कसा होता? चहात बुडवून काढल्यासारखा.

संजीवनी: मी तुला तो कशासाठी दिला होता, मिलिंद?

मिलिंद: रिपेअरला.

संजीवनी: काय बिघडलं होतं?

मिलिंद: पॉवर सप्लाय. तो काय, एका संध्याकाळी झाला. बाकीचं सगळं माझ्याकडून. प्रेमाने.

रिद्धी: पार्लरचा वास येतोय.

मिलिंद: नाक भारी आहे हिचं. अगदी बरोबर. केस ब्लीच करायचं क्रीम लावतो आम्ही पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकला. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या मार्केटातून आणलं. सिंधी शेठ म्हणतो, साईं, एवढे डबे? बारात में सबके बाल रंगाओगे क्या? मग ते लावायचं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि गच्चीवर उन्हात. मधूनमधून फिरवायचं, पापडासारखं. रजा टाकली त्यासाठी, बाई. ऑफिसात सांगितलं, घरी पेशंट आहे.

रिद्धी: हात लावू?

मिलिंद: धुतलेस का? आणि ती टोकदार वस्तू काय आहे हातात? ती ठेव आधी बाजूला.

रिद्धी: ब्रेलची टोचणी आहे. कागदावर टोचून ठिपके काढायची. माझं पेन आहे ते. तुम्ही कुणाकडे गेलात की खिशातलं पेन काढून दारात ठेवता का, चपलांबरोबर?

मिलिंद: बाई, जीभ बघा हिची.

संजीवनी: जीभ तिची घरचीच आहे. मी फक्त टंकन शिकवलं. ठेव ग ती दप्तरात, रिद्धी. आणि बस.

रिद्धी: बसले.

मिलिंद: हळू हं. बटणं थोडी नाजूक झालीयेत उन्हाने.

रिद्धी: बाई.

संजीवनी: काय?

रिद्धी: हा आपला नाहीये.

मिलिंद: तुमचाच आहे, बाळा.

रिद्धी: नाही. एफवर ठिपका नाही, जेवर नाही. बीवर नाही. एंटरवर आडवी रेघ होती, ती पण नाही. सगळी बटणं टक्कल केल्यासारखी आहेत. बाई, माझे हात कुठे ठेवू?

संजीवनी: मिलिंद, नेलपॉलिशचे ठिपके होते प्रत्येक महत्त्वाच्या बटणावर.

मिलिंद: हो का? मग ते केमिकलने गेले असतील. ते फार स्ट्रॉंग असतं.

रिद्धी: नाही जात. माझी आई पार्लरला आहे, शहाडला. केसांना ब्लीच लावताना तिच्या नखांना रोज लागतं. नेलपॉलिश तशीच असते. रोज हात धरते मी तिचा.

संजीवनी: ऐकलंस?

मिलिंद: बाई, तुम्ही आता माझी शाळा घेणार का?

संजीवनी: मी फक्त विचारतेय. नेलपॉलिश ब्लीचने जात नाही. मग कशाने गेली?

मिलिंद: ब्लेडने. खरवडली. एकेक बटण काढून, भिंग लावून, प्लास्टिकला ओरखडा येऊ न देता. कुणी करून दाखवावं. पुण्याच्या क्लबचे परीक्षक येतायत परवाच्या मेळाव्याला. ते पहिल्यांदा काय बघतात? संगणक मूळ स्थितीत आहे का. बटणावर नेलपॉलिश दिसली की संपलं, उलटं फिरतात. आपल्या मंडळाला आजपर्यंत एकदा तरी ढाल मिळालीय का?

संजीवनी: ते ठिपके कशासाठी होते, हे तुला ठाऊक होतं.

मिलिंद: आता असं आहे, बाई...

संजीवनी: मी वार्तापत्राच्या बालपानात लिहिलं होतं. रिद्धी कशी शिकली, कुठल्या बटणावर किती ठिपके. तो अंक कुणी जुळवला?

मिलिंद: ‘लुकलुक’चे सगळे अंक मीच जुळवतो.

संजीवनी: म्हणजे ठाऊक होतं.

मिलिंद: होतं. बरं, होतं. पुन्हा लावता येतात की. मेळावा झाला की लावा. टिकल्या लावा, मणी चिकटवा, काय वाट्टेल ते करा. तुमचाच संगणक आहे.

संजीवनी: मेळाव्यात ती टंकन करणार आहे. मग ते कशी करेल?

मिलिंद: तेच बोलायला बोलावलं आज. चहा ठेवू?

संजीवनी: नको. बोल.

मिलिंद: हा ताजा अंक. मधलं पान बघा.

संजीवनी: चष्मा घालू दे. हं. ‘लुकलुक. जुने घरगुती संगणक जपणाऱ्यांचे वार्तापत्र.’ ही झाली पाटी. ‘अंबरनाथच्या संजीवनीबाईंकडचा संगणक आमच्याकडे आला तेव्हा ओळखू येत नव्हता. पिढ्यांचा मळ, पोरांच्या बोटांची घाण, आणि बटणाबटणावर उठलेले कसलेसे चिकट फोड. एवढ्या मातीत मेथी उगवली असती.’

रिद्धी: फोड म्हणजे माझे ठिपके?

मिलिंद: अग, विनोदी शैली असते ती. लोकांना आवडतं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, त्याखाली असं काहीतरी लागतं. ते नाही, बाई, पुढचं पान.

संजीवनी: ‘मेळाव्याचा कार्यक्रम. परंपरेप्रमाणे या अंकात छापलेला प्रोग्राम एक सभासद वाचेल, दुसरा संगणकात घालेल. वाचन, मिलिंद. टंकन, अनुया.’

रिद्धी: अनुया कोण?

संजीवनी: मिलिंदकाकांची मुलगी.

रिद्धी: मागच्या अंकात माझं नाव होतं. आईने पान कापून कपाटाला लावलंय. मला दिसत नाही, तरी लावलंय.

मिलिंद: तेव्हा ठरलं होतं तसं. आता विचार बदलला.

संजीवनी: कुणाचा?

मिलिंद: मंडळाचा.

संजीवनी: मंडळाच्या बैठकीला मी होते.

मिलिंद: मग माझा. आणि प्रोग्रामही बदललाय, सांगून टाकतो. सूर वाजवणारा होता, तो काढला. रंगीत पतंगाचा घेतला. स्क्रीनवर उठून दिसतो, फोटो चांगला येतो.

रिद्धी: म्हणजे चालला की नाही हे मला कळलंही नसतं.

मिलिंद: बघा, बाई, मी स्पष्ट बोलतो. ही बसली की लोक टाळ्या वाजवणार. कशाला? संगणकाला? नाही. हिला. मग बायका रडणार. मग मोबाइल बाहेर येणार, कुणीतरी व्हिडिओ टाकणार, खाली हात जोडलेले. आणि माझा संगणक मागे, कुणाचं लक्षही नाही. हा जुन्या संगणकांचा मेळावा आहे. अनाथाश्रमाचा कार्यक्रम नाही.

रिद्धी: मी अनाथ नाहीये. सांगितलं ना, आई पार्लरला आहे.

मिलिंद: मी तुला नाही म्हणत ग.

रिद्धी: मग हॉलमध्ये अजून कोण आहे?

संजीवनी: मिलिंद, इकडे ये. संगणकासमोर बस. रिद्धी, जरा सरक. हं. आता डोळे मिट. मिटलेस? एफ शोध.

मिलिंद: हा घ्या.

संजीवनी: जे.

मिलिंद: हा. अजून काय? माझं नाव घालू? एम, आय, एल, आय, एन, डी. बघा स्क्रीनवर. एक तरी अक्षर चुकलं का?

संजीवनी: नाही.

मिलिंद: ठिपका आहे कुठे? नाही. तरी जमलं. बोटांना माहीत असतं, बाई. हिला जमत नसेल तर ठिपके गेले म्हणून नाही, सराव कमी आहे म्हणून. तुम्ही कुबड्या दिल्यात आणि चालायला शिकवलंच नाही. वाईट वाटून घेऊ नका.

रिद्धी: काका सॉलिड आहेत.

मिलिंद: आता या इकडे, बाई, आलाच आहात तर घड्या घालायला मदत करा. सगळे अंक आज पोस्टात पडायला हवेत. तुम्ही भिंतीकडच्या खुर्चीवर बसा, मी इकडे, खिडकीला पाठ करून बसतो.

रिद्धी: मी इथेच बसू का, काका? संगणकाजवळ?

मिलिंद: बस. फक्त बटणं दाबायची नाहीत.

रिद्धी: नाही दाबणार.

संजीवनी: अशी घडी ना? फोटो बाहेर?

मिलिंद: फोटो बाहेर. मुखपृष्ठच ते. पाकीट उघडल्याबरोबर दिसला पाहिजे.

रिद्धी: काका, सगळ्यात वरच्या ओळीत आकडे ना? त्याच्या खाली डावीकडून पहिलं कुठलं?

मिलिंद: क्यू. त्याच्याआधी एक मोठं बटण आहे, ते सोड.

रिद्धी: आणि क्यूच्या खाली?

मिलिंद: थोडं उजवीकडे सरकून ए. मग एस, डी, आणि चौथं एफ. बघितलंत, बाई? नीट सांगितलं की शिकते. ठिपके कशाला हवेत?

संजीवनी: तुला कुणी नीट सांगितलं होतं?

मिलिंद: मला? मी आपला आपण शिकलो.

संजीवनी: तसं लिहितोस खरं, दर वर्धापनदिनाच्या अंकात. ‘संपादक स्वयंशिक्षित आहेत.’

मिलिंद: मग काय लिहू?

रिद्धी: एफपासून जे कितवं, काका?

मिलिंद: एफ, जी, एच, जे. मोज. कसली टकटक चाललीय? दाबू नको म्हटलं ना.

रिद्धी: दाबत नाहीये.

संजीवनी: नाही दाबत ती. मी बघतेय ना. मिलिंद, तू मोरिवलीहून चालत यायचास माझ्याकडे. आठवतं? कंपनीचा भोंगा झाला की बाबा तुला सोडायचे आणि तसेच पाळीला जायचे.

मिलिंद: आठवतं हो. तुम्ही शेंगदाण्याची चिक्की द्यायचात.

संजीवनी: बरोबर प्रोग्राम चालला की द्यायचे. तुला पहिली चिक्की मिळायला किती वेळ लागला?

मिलिंद: आता ते कुठे लक्षात आहे?

संजीवनी: बाकी मुलं चिक्की खाऊन घरी गेलेली असायची. तू तसाच बसलेला. प्रोग्राम रोज चुकायचा, कारण तुला बी आणि डी वेगळे दिसायचे नाहीत. बी म्हटलं की डी दाबायचास. शाळेत तुला त्यावरून बाकावर उभं करायचे. मागची मुलं काय म्हणायची तुला?

मिलिंद: बाई, अनुया आतल्या खोलीत आहे.

संजीवनी: मग?

मिलिंद: हळू बोला. ऐकू जातं तिकडे.

संजीवनी: मघाशी तू हळू बोलला होतास? अनाथाश्रम म्हणालास तेव्हा?

मिलिंद: ते वेगळं.

संजीवनी: काय म्हणायची मुलं?

मिलिंद: डबडं.

रिद्धी: डबडं. भारी आहे.

संजीवनी: तू हसू नकोस, रिद्धी. तुझं काम कर. तर मी शेजारच्या मोतीबाईंकडे गेले. त्या नुकत्याच एका लग्नाला जाऊन आल्या होत्या. त्यांच्याकडून नेलपॉलिशची बाटली मागून आणली, लाल. आणि याच संगणकाच्या बीवर एक थेंब सोडला. तुला म्हटलं, ज्याच्यावर ठिपका तो बी. बघू नकोस, बोटाने विचार. आठवतं?

मिलिंद: पुरे ना आता.

संजीवनी: त्या दिवशी चिक्की मिळाली तुला. मग तूच म्हणालास, एफवरही लावा, जेवरही लावा. मग डोळे मिटून घालायला लागलास. आत्ता घातलंस तसंच. पहिला ठिपका रिद्धीचा नव्हता, मिलिंद. रिद्धीची आईसुद्धा तेव्हा जन्मली नसेल. ती कुबडी तुझ्यासाठी केली होती.

मिलिंद: कुणाला सांगितलंत का हे?

संजीवनी: आजपर्यंत नाही. शिकणाऱ्याचं असं बाहेर सांगत नाहीत.

मिलिंद: मग आज कशाला?

संजीवनी: मला एक विचारायचं होतं म्हणून. ब्लेड हातात घेतलंस, तेव्हा सगळ्यात आधी कुठला ठिपका खरवडलास?

मिलिंद: तुम्ही घड्या उलट्या घालताय.

संजीवनी: मी तुला उत्तर सांगणार नाही. तू सांग. मला घाई नाही.

मिलिंद: बी.

संजीवनी: हं.

मिलिंद: परत तोच आवाज. काय टोचतंय हे? रिद्धी?

रिद्धी: झालंच, काका. एंटर राहिलंय फक्त. त्याला रेघ हवी.

मिलिंद: बाजूला हो. बाजूला हो म्हणतो. अरे... हे काय केलंस? खड्डे पाडलेत हिने, बाई. आरपार. एफ, जे, बी, सगळीकडे. टोचणी दप्तरात ठेवली होती ना?

रिद्धी: ठेवली होती. मग काढली. तुम्ही बटणं दाबू नको म्हणालात, मी एकही दाबलं नाही.

मिलिंद: तुम्हाला दिसत होतं. तुम्ही समोर बसला होतात.

संजीवनी: दिसत होतं. भिंतीकडची खुर्ची तूच दिलीस.

मिलिंद: आणि मला गोष्टीत गुंतवून ठेवलंत.

संजीवनी: गोष्ट खरी होती.

मिलिंद: नेलपॉलिश असती तर काढली असती हो. हे कसं काढू? प्लास्टिक गेलं त्यातलं. याला आता काहीही करता येणार नाही.

रिद्धी: म्हणूनच. नेलपॉलिश तुम्ही परत खरवडली असती.

मिलिंद: परवा परीक्षक येतायत. मुखपृष्ठावर हाच आहे, बाहेर बॅनर लागलाय त्याच्यावरही हाच. टेबलावर काय ठेवू मी?

संजीवनी: अंक ठेव. फोटो छान आलाय.

मिलिंद: तुमचं बालपान बंद, बाई. आजपासून. मंडळात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आणि पुढच्या अंकात हे सगळं छापतो मी.

संजीवनी: छाप. बीवरच्या ठिपक्यापासून सुरुवात कर, म्हणजे वाचणाऱ्याला नीट कळेल.

मिलिंद: मुलांची किती काळजी, किती काळजी असं सगळे म्हणतात तुम्हाला. एका मुलीच्या हातून दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस करून घेता?

संजीवनी: दुसऱ्याची नाही. माझी वस्तू आहे.

रिद्धी: बाई, आवाज चढवू नका. काका रडायला आलेत. ऐका ना, नाक ओढतायत.

मिलिंद: ठीक आहे. ऐका. बालपानाचं रागात बोललो. परवा हीच बसू दे. रिकामं टेबल नको. परीक्षकांना सांगेन, विशेष संगणक आहे, विशेष मुलीसाठी. लिहितो तसं एका पुठ्ठ्यावर. अनुयाला समजावतो मी.

संजीवनी: मला नको विचारू. तिला विचार.

मिलिंद: काय ग? बसशील ना? तुझंच नाव सांगू माइकवरून.

रिद्धी: नको, काका.

मिलिंद: का? हेच हवं होतं ना तुला?

रिद्धी: लोक रडतात. मोबाइल काढतात. तुमच्या संगणकाकडे कुणाचं लक्ष नाही जाणार.

मिलिंद: मग आता हवंय काय तुम्हाला दोघींना?

रिद्धी: प्रोग्राम घालायचाय. इथे, आत्ता. एवढा सराव केला, एकदा तरी घालून जाते. मग रिक्षा बोलवा आणि आम्ही संगणक घेऊन जातो.

मिलिंद: पतंगाचा? तुला काय दिसणार आहे त्यातलं?

रिद्धी: तुम्हाला दिसेल ना. तुम्ही सांगा, आला का पतंग.

मिलिंद: घाल मग. बाई वाचतील.

संजीवनी: मी नाही. अंकात तुझं नाव आहे. वाचन, मिलिंद.

मिलिंद: मी हे करणार नाही, बाई. सांगून ठेवतो.

संजीवनी: अनुयाला हाक मारू? ती येऊन वाचेल. बी आणि डी दोन्ही बरेच आहेत या प्रोग्राममध्ये. वाचता वाचता तिला सांगता येईल.

मिलिंद: नको.

संजीवनी: मग बस. अंक हातात घे. सावकाश वाच, कुणी ओरडत नाही.

रिद्धी: हात ठेवले मी. एफ, जे. सापडले. चला, काका.

मिलिंद: पहिली ओळ, नंबर दहा.

रिद्धी: घातली. पुढे.